नाशिकमध्ये घराजवळच्या शांत परमिट रूमला जायचं असेल तर

नाशिकचं नाव काढलं की बाहेरच्या माणसाला वाईनच आठवते. गंगापूर धरणाकडचे द्राक्षमळे, टेस्टिंग, मावळतीचा फोटो वगैरे. पाहुणे आले की आपणही त्यांना तिकडेच नेतो. पण सातपूर-अंबडला ड्युटी करून सुटलेला माणूस काय रोज वायनरीत जात नाही, तो जातो घरापासून पाच मिनिटांवरच्या परमिट रूमला, जिथे वाईन मागितली तर वेटर आधी मॅनेजरकडे बघतो. हे लिहितोय ते त्या जागांबद्दल. आणि ज्यांना दंगा नको, डीजे नको, नुसतं दीड-दोन तास निवांत बसून घरी जायचंय त्यांच्यासाठी.

आधी जागा कुठली ते. कॉलेज रोड, गंगापूर रोडचे लाउंज यात धरू नका, तिथे आवाज आणि बिल दोन्ही मोठं असतं. त्र्यंबक रोडचे, हायवेचे गार्डन रेस्टॉरंट पण नकोत, तिथे वाढदिवसाचे ग्रुप येतात आणि नऊनंतर कुणी ना कुणी केक तोंडाला फासतंच. आपल्याला पाहिजे ती जागा सिडकोत, इंदिरानगरला, सातपूर कॉलनीत, जेलरोडला, देवळाली कॅम्पात आतल्या रस्त्याला असते. बोर्डावरचं नाव फिकं पडलेलं, काचेच्या दाराला काळी फिल्म, बाहेर ॲक्टिव्हा आणि स्प्लेंडर उभ्या, चारचाकी एखादीच. साडेसात-आठला दार ढकलून आत नुसती एक नजर टाका. एका-एका टेबलाला एकेकटी बसलेली माणसं दिसली आणि ती आरामात बसलेली वाटली तर जागा चांगली आहे असं समजा. जिथे एकटा माणूस निवांत बसू शकतो तिथे भांडणं कमी, वेटर जुना आणि मॅनेजरचा धाक असतो, हे माझं निरीक्षण आहे आणि ते सहसा चुकत नाही. उलट सगळी टेबलं सहा-आठ जणांची आणि सगळ्यांचा आवाज चढलेला असेल तर "पार्सल मिळेल का" असं काहीतरी विचारा आणि बाहेर पडा, कुणी काही म्हणत नाही.

अजून एक सोपी युक्ती म्हणजे पहिल्यांदा दुपारी जेवायला जा. बहुतेक परमिट रूमला जेवण असतंच, कुठे थाळी, कुठे चिकन हंडी, कुठे काळ्या मसाल्याचं मटण. दुपारी उजेडात सगळं दिसतं, बाथरूम कसं आहे, किचनमधून वास कसला येतोय, ग्लास नीट धुतात का नुसते विसळतात. मैत्रिणींनी जायचं असेल तर ही दुपारची फेरी माराच. खरं सांगायचं तर या जागा अजून पुरुषांच्याच आहेत, फॅमिली सेक्शन लिहिलेलं असतं पण कुठे ती नीट वेगळी खोली असते आणि कुठे नुसता पडदा, आणि पडद्यावाल्या ठिकाणी वॉशरूमला जाताना सगळा हॉल ओलांडावा लागतो. वेगळा जिना, वेगळं वॉशरूम असेल तर बसा, नाहीतर दुसरी बघा, नाशिकमध्ये परमिट रूमची टंचाई नाही.

वाईन शॉपच्या बाहेर अंडा भुर्जीच्या गाडीवर प्लास्टिकचा ग्लास घेऊन उभं राहणं म्हणजे बारला जाणं नव्हे. ते बेकायदेशीर आहे, पोलिसांची गाडी आली की भुर्जीवाला आपल्याला ओळखही दाखवत नाही.

आता कधी जायचं. सोमवार ते गुरुवार, सात ते साडेआठच्या मधे. सोमवार, गुरुवार, चतुर्थी असे बऱ्याच जणांचे न पिण्याचे वार असतात त्यामुळे त्या दिवशी टेबल मिळतंच मिळतं. महिन्याच्या सात ते दहा तारखेला कंपन्यांचे पगार होतात, तेव्हा एमआयडीसीजवळच्या बारला शांतता शोधू नका. पंचवटीत पेठ रोड, दिंडोरी रोडच्या बाजूला मार्केट यार्डाची वर्दळ असते आणि जानेवारी ते एप्रिल द्राक्षाचा सीझन, त्या दिवसांत तिकडे टेबलाटेबलावर भाव, व्यापारी आणि बुडालेले पैसे हाच विषय. ऐकायला मजा येते पण शांत म्हणता येणार नाही. गटारीला अजिबात जाऊ नका. आषाढी अमावस्येच्या आधीचा शनिवार-रविवार म्हणजे वर्षभर न पिणारेही उद्यापासून श्रावण म्हणून प्यायला येतात आणि न पिणाऱ्याला दोन पेगात चढते. आणि त्यानंतर लागलेला श्रावण मात्र भारी, अर्धं नाशिक सोवळ्यात, तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीच्या फेरीला गर्दी, आणि इकडे बारमध्ये पंखे नुसते फिरतायत, वेटर स्वतःहून येऊन गप्पा मारतो. ज्याला पाळायचं नाही त्याच्यासाठी बसायला वर्षातला हा बेस्ट महिना. रंगपंचमीलाही टाळा, आपल्याकडे धुळवडीपेक्षा रहाडीचा, म्हणजे रंगाच्या हौदात उड्या मारायचा, दिवस मोठा, त्या दिवशी रंगलेली माणसं खुर्च्या पण रंगवून जातात.

ड्राय डे बघून निघा. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि आषाढी एकादशी तर पाठच पाहिजे. गणपती विसर्जनाच्या दिवशीही बंद धरून चाला. निवडणुकीत मतदान संपायच्या आधीचे ४८ तास आणि मतमोजणीचा दिवस. अशा दिवशी "मागच्या दाराने मिळेल" असं सांगणारा कुणीतरी भेटतोच, नको त्या भानगडीत पडू नका, जास्त पैसे देऊन सील नसलेली बाटली घ्यायची एवढंच त्यात असतं.

कायद्याचं एकदा सांगून टाकतो म्हणजे परत विषय नको. महाराष्ट्रात बिअरसाठी वय २१ आणि व्हिस्की, रम, व्होडकासाठी २५ पूर्ण लागतं. शिवाय १९४९ चा दारूबंदी कायदा अजून चालू आहे, आणि त्यानुसार पिणाऱ्याकडे परवाना पाहिजे, एक दिवसाचा ५ रुपयांत, वर्षाचा १०० रुपयांत, कायमचा १००० रुपयांत. परमिट रूममध्ये तुम्हाला कुणी तो विचारत नाही हे खरंय, पण तपासणी झाली तर उत्तर तुम्हालाच द्यावं लागतं, त्यामुळे नेहमी बसणाऱ्याने कायमचा काढून टाकलेला बरा. तरुण दिसत असाल तर आधार कार्ड मोबाईलमध्ये ठेवा. सिगारेट टेबलावर पेटवू नका, सार्वजनिक जागेत २००८ पासून बंदी आहे, वेटरला विचारा कुठे ओढतात ते, बहुतेक मागच्या बाजूला एक गॅलरी किंवा बोळ असतो.

आता आत गेल्यावर. दिसली खुर्ची की बसलो असं करू नका. गल्ल्याजवळचं टेबल, भिंतीला पाठ लागणारं कोपऱ्यातलं टेबल, टीव्हीच्या बरोब्बर समोरचं टेबल, ही कुणाची ना कुणाची असतात. बोर्ड लावलेला नसतो पण पावणेआठला नोटांच्या प्रेसमधून रिटायर झालेले एक काका येणार आणि तिथेच बसणार हे सगळ्यांना माहीत असतं. तुम्ही बसलात तर ते काही बोलणार नाहीत, नुसते उभे राहतील, आणि मग सगळा हॉल तुमच्याकडे बघेल. त्यापेक्षा सरळ "दादा, कुठं बसू?" असं वेटरला विचारा. या एका वाक्याने निम्मं काम होतं, तुम्ही नवीन आहात हे त्याला कळतं आणि तुम्ही माज करणारे नाही हे पण कळतं. एसी आणि नॉनएसीचे रेट वेगळे असतात, कधी मेनूकार्डही वेगळं असतं, तेव्हा बसायच्या आधी बघून घ्या. माझं मत विचाराल तर नॉनएसीला बसा, तिथे जुनी माणसं असतात, वेटर सारखा फिरत असतो आणि चकणा परत मिळतो.

वेटरला "ए", "शुक शुक", टाळी, चुटकी यातलं काहीही करू नका. दादा किंवा भाऊ म्हणा. गल्ल्यावरचा शेठ, आणि मालक उडपीकडचा असेल तर अण्णा. नाव विचारून घ्या आणि पुढच्या वेळी नावाने हाक मारा. शांत बारमध्ये खरा कारभार वेटरच बघतो, कुणाला पुढचा पेग द्यायचा, कुणाला "किचन बंद झालं शेठ" असं सांगून घरी पाठवायचं, कोणत्या टेबलाला कोणत्या टेबलापासून लांब ठेवायचं, हे सगळं तो ठरवतो. त्याच्याशी नीट वागलात तर शेजारच्या टेबलावरची कटकट तो तुमच्यापर्यंत येऊच देत नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, ओळखीचं कुणी दिसलं तर काय करायचं. दिसणारच. घराजवळचा बार आहे, तुमच्या सोसायटीचे सेक्रेटरी, पोराचे क्लासवाले सर, दूधवाला, कुणीही असू शकतं. तर मान किंचित हलवायची, बास. उठून त्यांच्या टेबलाला जायचं नाही, मोठ्याने "अरे काका तुम्ही पण!" असं तर मरेस्तोवर म्हणायचं नाही, आणि दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये भेटले तर कालचा विषय काढायचा नाही, त्यांच्या बायकोसमोर तर नाहीच नाही. त्यांनी स्वतःहून बोलावलं तर पाच मिनिटं उभ्याने बोला आणि परत आपल्या जागेवर या. फोटो, स्टोरी, व्हिडिओ कॉल हे सगळं इथे बंद ठेवा, तुमच्या सेल्फीच्या मागे बसलेल्या माणसाने घरी ओव्हरटाईम सांगितलेला असू शकतो. फोन आला तर बाहेर जाऊन बोला. टीव्हीचा रिमोट मागू नका, मॅच लावायची का बातम्या हे गल्ल्यावरून ठरतं. राजकारण बोलायचंच असेल तर आपल्या टेबलापुरतं बोला, नगरसेवकाचा चुलतभाऊ कुठल्या टेबलाला बसलाय ते तुम्हाला माहीत नसतं.

शेजारच्या टेबलावरून कुणी प्रेमाने "घ्या ना भाऊ एक आमच्याकडून" म्हणालं तर "नको दादा, माझं चालूय" म्हणा आणि ग्लास थोडा उचलून दाखवा. घेतलात तर परत पाजणं आलं, मग त्यांची पूर्ण स्टोरी ऐकणं आलं, मग नंबर देणं आलं.

मागवायचं काय. सुटा पेग ३० मिलीचा म्हणजे स्मॉल किंवा ६० चा म्हणजे लार्ज, नाईंटी, क्वार्टर म्हणजे १८०, असा हिशोब चालतो. एकटे असाल आणि दोन लार्जच्या वर जायचं नसेल तर सुटे पेग बरे, पण मग मेजर, म्हणजे पेगाचं माप, आपल्यासमोर भरून द्यायला सांगा, त्यात लाजायचं काही नाही. तीनच्या पुढे जाणार हे माहीत असेल किंवा दोघं असाल तर क्वार्टर सीलबंद मागवा आणि सील टेबलावर तोडायला लावा, हिशोबही सोपा आणि मालाची खात्रीही. मेनूकार्डावरचा रेट आधी बघा, वाईन शॉपच्या आणि बारच्या रेटमध्ये बराच फरक असतो आणि त्यात गेल्या काही वर्षांत बारच्या दारूवरचा व्हॅट ५ चा १० टक्के झाला, मग २०२५ ला राज्याने विदेशी मद्यावरचं, म्हणजे इथेच बनणाऱ्या व्हिस्की-रमवरचं, उत्पादन शुल्क वाढवलं. त्यानंतर साध्यात साधी विदेशी क्वार्टर दुकानातच २०५ रुपयांपासून सुरू होते, बारमध्ये त्याच्यावर आलं. त्याच्या निषेधात १४ जुलै २०२५ ला राज्यभर बारवाल्यांनी एक दिवस बंदही पाळला होता. त्यामुळे "मागच्या वर्षी तर एवढ्याला होती" असं वेटरला सांगून उपयोग नाही, त्याने पण ते शंभर वेळा ऐकलंय.

बिअरवाल्यांचा एक गैरसमज असतो की आपण हलकं पितोय. हिशोब करून बघा. स्ट्राँग बिअर ८ टक्क्यांपर्यंत असते, बाटली ६५० मिलीची, म्हणजे आत साधारण ५२ मिली शुद्ध अल्कोहोल. आपल्याकडची व्हिस्की ४२.८ टक्के, तेवढंच अल्कोहोल व्हिस्कीतून घ्यायचं तर १२० मिली लागेल. म्हणजे एक स्ट्राँग संपवली की चार स्मॉल पोटात गेले, आणि दोन संपवल्या की क्वार्टरच्या पुढे गेलात, आणि वरून म्हणता मी दारू पीत नाही बिअर पितो. माइल्ड ५ टक्क्यांच्या आसपास असते, तिची बाटली अडीच स्मॉलएवढी. पहिल्यांदा जात असाल तर माइल्ड एक किंवा दोन स्मॉल एवढ्यावर थांबा, जागा समजून घ्यायला शुद्धीत राहणं गरजेचं आहे. शुगरच्या, झोपेच्या गोळ्या किंवा अँटिबायोटिकचा कोर्स चालू असेल तर त्या दिवशी नुसतं फ्रेश लाइम सोडा घेऊन बसा, कुणी हसत नाही. आणि रिकाम्या पोटी जाऊ नका, निघताना घरून एक पोळी खाऊन निघा.

पाण्याची बाटली न विचारता टेबलावर येते. साधं पाणी पाहिजे असेल तर सील तोडायच्या आधी सांगा, तोडल्यावर ती तुमची. हॉटेलात बसून बाटलीला छापील किमतीपेक्षा जास्त घेतले म्हणून भांडू नका, २०१७ ला सुप्रीम कोर्टाने ते चालतं असं सांगितलंय.

चकण्याला घाई नको. पेगाबरोबर फुकट येणारं काहीतरी असतंच, शेव, खारे शेंगदाणे, कुठे काकडी-गाजर, कुठे हरभरे उकडून त्यावर कांदा-लिंबू. ते आधी खाऊन बघा आणि मगच पैशाचं काही मागवा. जागेची परीक्षा करायची तर मसाला पापड आणि अंडा भुर्जी मागवा. मसाला पापड आल्या आल्या कुरकुरीत असेल तर किचनमध्ये लक्ष देणारा माणूस आहे, आणि भुर्जीला जुन्या तेलाचा वास आला तर चिकन चिलीच्या वाटेला जाऊ नका. मासे नाशिकमध्ये बारला मागवताना विचार करा, समुद्र लांब आहे. कांदा हक्काने परत मागा, लासलगाव आपल्याच जिल्ह्यात आहे. पण भाव चढलेले असताना त्याच प्लेटमध्ये कोबी वाढलेला दिसतो, तेव्हा शांतपणे खायचा, वेटरच्या हातात काही नसतं.

लास्ट ऑर्डरची वाट बघू नका. साडेनऊच्या पुढे हॉलचा आवाज वाढत जातो आणि दहानंतर जी टेबलं भरतात ती आधी कुठेतरी पिऊन आलेल्यांची असतात. त्याच्या आत बिल मागा. बिल येतं तेव्हा वाचा, बाटल्या मोजा, टेबलाखालच्या रिकाम्या बाटल्या वेटर त्यासाठीच तिथे ठेवतो. जेवणावर जीएसटी आणि दारूवर व्हॅट असे दोन वेगळे हिशोब दिसतील, ते बरोबर आहे. सर्व्हिस चार्ज लावलेला असेल तर तो सक्तीचा नाही, काढायला सांगता येतो, पण मग टीप तरी नीट द्या. वीस-पन्नास रुपये बडीशेपच्या ताटलीत टाकण्यापेक्षा ज्याने दीड तास तुमचं बघितलं त्याच्या हातात द्या, ताटलीतले कुठे जातात ते प्रत्येक बारला वेगळं असतं. पैसे रोख द्यायचे का यूपीआयने हा ज्याचा त्याचा प्रश्न, पण जॉईंट अकाऊंट असेल तर विचार करून स्कॅन करा. उधारीचं वहीखातं गल्ल्याखाली असतं, ते जुन्यांसाठी, नवीन माणसाने विषय काढू नये.

घरी जाताना गाडी चालवू नका. मर्यादा रक्तात १०० मिलीला ३० मिलिग्रॅमची आहे, ती कधी ओलांडली जाईल ते अंदाजाने सांगता येत नाही, आणि पहिल्याच वेळी १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, मोटार वाहन कायद्याचं कलम १८५. नाकाबंदी सहसा हायवेवर असते म्हणून आतल्या रस्त्याने जाऊ असं म्हणणारे आतल्या रस्त्यालाच स्पीडब्रेकरवर पडतात. घराजवळचा बार निवडायचा तो चालत जाता यावं म्हणूनच. लांबचा असेल तर रिक्षा, आणि रात्री नाशिकमध्ये मीटरचा विषय काढण्यापेक्षा बसायच्या आधी भाडं ठरवा. सिडकोच्या गल्ल्यांमधून चालत जाणार असाल तर कुत्र्यांकडे बघू नका, पळू तर अजिबात नका, सरळ चालत राहा. गाडी नेलीच असेल तर बारच्या पार्किंगला लावून वॉचमनला सांगून जा, हॅंडल लॉक करा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर जाऊन आणा, कारण माल उतरवायचा टेम्पो आला की तो बरोब्बर आपल्याच गाडीच्या मागे आडवा लागतो आणि ड्रायव्हर चहाला गेलेला असतो.